कुठल्या टायमानं?

विमान जमिनीवरून उडालं सव्वाबाराला आणि आकाशात दिसलं त्याच्या पस्तीस मिनिटं आधी. माझ्या टेबलावरच्या दोन कागदांचं म्हणणं असं होतं.

मी जर्मनीत जुन्या हवाई छायाचित्रांवर काम करतो. इथे पाया खणण्याआधी महायुद्धातले फोटो तपासून बघतात, त्या जागी न फुटलेला बॉम्ब तर राहिला नाही ना. त्यामुळे माझे बहुतेक दिवस भिंगाखाली बॉम्बचे खड्डे शोधण्यात जातात. त्या दिवशी मात्र एक निवृत्त अभ्यासक वेगळंच काम घेऊन आले. अराडो २३४ या जेट विमानाच्या टेहळणी उड्डाणांचं वेळापत्रक ते कित्येक वर्षं जुळवताहेत.

हे विमान माझ्याही जिव्हाळ्याचं. पहिल्या नमुन्यांना चाकंच नव्हती. उडताना जमिनीवरच सुटून राहणाऱ्या चाकांच्या गाड्यावरून ते उडायचं आणि उतरायचं पोटाखालच्या घसरपट्ट्यांवर. २५ जुलै १९४४ रोजी एरिक झोमर हा वैमानिक असं एक विमान घेऊन फ्रान्समध्ये रॅन्सजवळच्या ज्युव्हँकूर तळावर उतरला, पण गाडा मागून रेल्वेनं यायचा होता, म्हणून आठवडाभर विमान नुसतं उभं. २ ऑगस्टला तो उडाला आणि दहा हजार मीटरवरून नॉर्मंडीचा किनारा टिपून आला. जेट विमानाची ही जगातली पहिली टेहळणी. सप्टेंबरात झोमरचं पथक डच सरहद्दीजवळच्या ऱ्हाइने या जर्मन गावी आलं. आमचं कोडं तिथलं.

तारीख दोन्ही कागदांवर एकच, सप्टेंबर १९४४ च्या शेवटच्या आठवड्यातली. जर्मन नोंद म्हणत होती, उड्डाण १२:१५. नेदरलंड्समधल्या एका ब्रिटिश विमानविरोधी तुकडीच्या डायरीत होतं, ११:४० ला खूप उंचावरून एक वेगवान विमान गेलं. अभ्यासकांनी सरळ दोन उड्डाणं धरली होती: एक नोंद सापडलेलं, एक नोंद हरवलेलं. मला ते पटेना. त्या दिवसांत त्या पथकाकडे विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दुसरं उड्डाण झालं असतं तर त्याचा कुठे ना कुठे माग राहिला असता.

दुपारी जेवताना मला आजोबा आठवले. मुंबईत त्यांच्या उमेदीच्या काळात कुणी वेळ सांगितली की ते आधी विचारत, "कुठल्या टायमानं?" बॉम्बे टाइम स्टँडर्ड टाइमच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. युद्धाच्या वर्षांत तर सरकारनं स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढे नेला होता. एकाच शहरात, एकाच क्षणी भिंतीवरची दोन घड्याळं वेगवेगळं बोलायची आणि दोन्ही बरोबर असायची. डबा तसाच ठेवून मी उठलो.

युद्धकाळात घड्याळं कधी कुठे पुढे-मागे केली याचे तक्ते आमच्याकडे असतात. १९४४ च्या एप्रिलपासून लंडनमध्ये दुहेरी उन्हाळी वेळ होती, ग्रीनिचच्या दोन तास पुढे. जर्मनीची उन्हाळी वेळही दोन तास पुढे. म्हणून जून, जुलै, ऑगस्टच्या नोंदी एकमेकींशी बिनचूक जुळतात, आणि त्या जुळतात म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण लंडननं १७ सप्टेंबरला घड्याळ तासभर मागे घेतलं. जर्मनीनं घेतलं २ ऑक्टोबरला. मधल्या पंधरवड्यात दोन्ही बाजूंमध्ये पुरा एक तास! ब्रिटिश डायरीतले ११:४० लंडनच्या नव्या घड्याळाचे असतील, तर ते जर्मन १२:४० होतात. म्हणजे उड्डाणानंतर पंचवीस मिनिटं. या विमानाला दहा हजार मीटर गाठायलाच वीसेक मिनिटं लागत, त्यामुळे हा हिशेब अगदी सरळ बसत होता.

तरी हे झालं अनुमानच. डायरी लिहिणाऱ्यानं कुठलं घड्याळ ते लिहिलं नव्हतं, आणि आघाडीवरच्या तुकडीनं जुनंच घड्याळ चालू ठेवलं असेल ही शक्यता होतीच. घड्याळांशी काही देणंघेणं नसलेला साक्षीदार हवा होता. तो अभ्यासकांच्याच लिफाफ्यात होता: त्या उड्डाणाचा म्हणून आलेला एक फोटो. कडा कापलेल्या, वेळ कुठेही नाही. मध्यभागी एक डच गाव आणि गावात चर्चचा मनोरा.

मनोरा आजही उभा आहे, उंची चाळीसेक मीटर. कॅमेऱ्याची भिंग ते फिल्म लांबी पन्नास सेंटिमीटर, म्हणजे दहा हजार मीटरवरून प्रमाण १:२०,००० येतं. सावलीच्या दिशेवरून वेळ काढता येते, पण मनोऱ्याची पंचावन्न मीटरची सावली प्रिंटवर जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरते. तेवढ्यावर सगळी भिस्त.

आधी फोटो आजच्या नकाशावर बसवला. रेल्वेमार्ग, कालव्याचं वळण आणि दोन रस्त्यांचा तिठा जुळल्यावर उत्तर दिशा पक्की झाली. मग सावली. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. या विमानात दोन कॅमेरे दोन बाजूंना कललेले असायचे, त्यामुळे उंच वस्तू फोटोत बाहेरच्या बाजूला झुकलेली दिसते. मनोऱ्याच्या दिसणाऱ्या टोकापासून रेघ ओढली की कोन बिघडला. रेघ ओढायची मनोऱ्याच्या बुंध्यापासून सावलीच्या टोकापर्यंत. मी ती अकरा वेळा ओढली. मग गावाबाहेरच्या धुराड्याची सावली मोजली, आणि कालव्याकाठच्या झाडांची.

त्या आठवड्यात त्या गावी सूर्य डोक्यावर येतो जर्मन घड्याळानं दीडच्या सुमारास. फोटो जर्मन ११:४० चा असेल, तर सावली उत्तरेपासून पश्चिमेकडे तेहतीस अंश वळलेली हवी. जर्मन १२:४० चा असेल, तर पंधरा अंश. त्या सुमारास एक अंश म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. मोजणीत दोन अंशांची चूक झाली तरी सातच मिनिटांचा फरक, आणि आम्हाला फैसला करायचा होता एका तासाचा.

मनोरा चौदा अंश म्हणाला. धुराडं सोळा. झाडं पंधराच्या आसपास.

माझ्या सहकारिणीला मी आधीचं काहीही न सांगता फक्त फोटो आणि नकाशा दिला. अर्ध्या तासानं तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं: १५. हाताला कंप सुटला माझ्या. ऐंशी वर्षांपूर्वी ढग नसलेल्या एका दुपारी त्या मनोऱ्यानं टाकलेली सावली आता सांगत होती की विमान एकच होतं. खाली तोफांपाशी उभ्या सैनिकानं वर बघून डायरीत लिहिलं तेही खरं, ऱ्हाइनेच्या तळावर कारकुनानं लिहिलं तेही खरं. कुणाचीच चूक नव्हती. चूक झाली ती दोघांचे आकडे एका रकान्यात मांडताना, आणि खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या तक्त्यांमध्येही 'स्थानिक वेळ' असा एकच रकाना होता. त्याच संध्याकाळी मी त्याचे तीन केले: मुळात लिहिलेली वेळ, कुठलं घड्याळ, आणि ग्रीनिच.

अभ्यासक पाचला आले. मी फोटो, रेघा आणि आकडे त्यांच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ भिंगातून ती पावणेतीन मिलिमीटरची सावली बघत राहिले. मग खिशातून पेन काढून त्यांनी 'हरवलेल्या' उड्डाणावर सावकाश आडवी रेघ मारली आणि उरलेल्या ओळीत लिहिलं: १०:४०, ग्रीनिच, सात मिनिटं इकडे-तिकडे.

जायला उठतील असं वाटलं होतं. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, फाईल उलटी चाळत १७ सप्टेंबरचं पान काढलं आणि म्हणाले, "तुम्हाला वेळ असेल तर इथपासून पुन्हा बघू."