अण्णांची वही

दिंडीतले चौघे अण्णांच्या तेराव्याला आले होते ते खरं तर वही मागायला. दिंडीच्या भिशीचा हिशोब, कोठीतला माल, कुणाचे किती आले, सगळं लाल कापडी बांधणीच्या त्या एका वहीत, आणि वही आमच्या दुकानाच्या खणात. आईने खण उघडला, वही काढली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "वही नेताय तर हिलाबी न्या." मला कुणी विचारलंच नाही.

कराडात आमचं किराणा दुकान. अण्णांनी एकतीस वाऱ्या केल्या. गावाला त्याचं कौतुक, मला नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या सुमारास अण्णा घरात नसत. वह्यांना कव्हरं मामाने घालायची. शेतकऱ्याचा सगळा पैसा बी-खतात गेलेला, म्हणजे किराणा उधारीवर. वर्षातले सगळ्यात अवघड वीस दिवस गल्ल्यावर आई. नाही म्हणायचा वाईटपणा तिने घ्यायचा, आणि अण्णांनी परत येऊन बुक्का लावत, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटत सगळ्यांशी गोड बोलायचं. आई म्हणायची, "त्यांची वारी पंढरीला, माझी गल्ल्याला." २०२० साली माउलींच्या पादुका एसटीने गेल्या तेव्हा आषाढात अण्णा प्रथमच दुकानात होते. गिऱ्हाइकावर इतके खेकसले की आईनेच त्यांना माडीवर पाठवलं. वर ते येरझाऱ्या घालत आणि खाली डाळीच्या पोत्यांवर माती पडे.

तसे माणसाला धरून होते. पेठेत कुणाकडे मयत झाली की सामान आधी दुकानातून जायचं, पैशाचं नाव तेरावा होईपर्यंत नाही. चौदाव्या दिवशी मात्र पोरगा चिठ्ठी घेऊन दारात. आणि तुकोबांची गोष्ट सांगायची त्यांची स्वतःची रीत होती. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली हे सगळेच सांगतात. अण्णा सांगायचे, "आधी निम्मी कान्होबाला वाटून दिली, मग आपल्या वाट्याची बुडवली. वाण्याचा पोर शेवटी."

तर मी निघाले. आळंदी, प्रस्थान, पुण्यातला मुक्काम, सगळं गर्दीत गेलं. दिंडीत मला नाव नव्हतं, 'अण्णांची लेक' एवढंच. भावाने महागाचे बूट घेऊन दिलेले. अण्णा रबरी चपलेत चालायचे, हे लोक मला बूट बघून बघून सांगत होते.

एकादशीला पुण्याहून सासवड. सगळ्यात लांब टप्पा, त्यात उपास. हडपसरलाच उजवी टाच पेटली. वडकीच्या विसाव्यापर्यंत मी पावलाच्या कडेवर चालत आले आणि एका टेम्पोच्या सावलीला बसले. कुणी केळी वाटत होतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू. शेजारी कुणाचा तरी स्पीकर फाटक्या आवाजात कोकलत होता. मला विठ्ठलाचा, अण्णांचा, भावाच्या बुटांचा, सगळ्यांचा राग आला होता. इथून रिक्षा करून स्वारगेट, तिथून कराड, रात्री घरी, असा हिशोबही मांडून झाला होता.

पलीकडे एक आजी पाय पसरून बसल्या होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळाला बुक्का, उशाला तुळस. त्या बराच वेळ माझ्या पायाकडे बघत होत्या.

"काढ की ते बूट, माय."

काढला. मोजा टाचेला चिकटला होता. त्यांनी बाटलीतलं पाणी त्यावर सोडलं आणि मोजा गोल गोल गुंडाळत, अजिबात न ओढता, खाली घेतला. फोड चांगला रुपयाएवढा. आजींनी पिशवीतून सुई काढली, काडी ओढून टोक धरलं, गोधडीचा काळा दोरा ओवला. मी पाय मागे घेतला तर घोट्याला अशी पकड बसली की बस. सुई फोडाच्या एका अंगाने घातली, दुसऱ्या अंगाने काढली, दोरा आत तसाच ठेवून दोन्ही टोकं कातरली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरायला लागलं.

"कातडं सोलू नको. धागा राहू दे, निथळतंय त्याच्यानं." वर खोबरेल, हळद, आणि त्यांच्याच जुन्या लुगड्याची चिंधी. बूट त्यांनी नाड्यांनी एकमेकांना बांधून माझ्या गळ्यात अडकवले. "आता हे वाहा." आणि खो खो हसल्या. दातांत फटी, सुपारीने लाल. चपलांचा एक जुना जोड त्यांच्याकडे जास्तीचा होता, तो मला दिला. पैसे काढले तर म्हणाल्या, "फोन लावून दे माझ्या लेकाला." गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात चिठ्ठीवर नंबर होता. मी तीनदा लावला. उचलला नाही. "कामात आसंल," म्हणाल्या आणि तुळस डोक्यावर घेऊन उठल्या. गाव परभणीकडचं. दिंडीचा नंबर विचारला तर, "रथामागं हावोत आमी." रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे शेकड्यांनी. बाई, हा काय पत्ता झाला?

दिवे घाट चढले. फोटो काढणाऱ्यांच्या कोपरांचे धक्के सोडले तर फार काही आठवत नाही. जेजुरीला भंडारा डोळ्यात गेला.

नीरा स्नान झालं त्या संध्याकाळी फोन वाजला. "कोण बोलतंय? या नंबरवरून मिसकॉल होते." मी सांगितलं. पलीकडे जरा वेळ काही नाही, मग तो म्हणाला, "आईला सांगा, पेरणी झाली. पाऊस चांगलाय. काळजी करू नको म्हणावं."

तेव्हापासून तो निरोप माझ्या अंगावर. तरडगाव, फलटण, बरड, प्रत्येक मुक्कामी समाजआरतीनंतर मी रथामागच्या तंबूंमधून हिंडायची. डोक्यावर तुळस, खोचलेली नऊवारी, कपाळाला बुक्का, अशा हजार आज्या. एकदा आरतीला चोपदारांनी हरवलं-सापडलं सांगताना एक चष्मा पुकारला, काळी दांडी, दोऱ्याने बांधलेली. अण्णांचाही असाच होता आणि तो दर वारीत हरवायचा. सगळा समाज चिडीचूप, आणि मी तोंडात पदर कोंबून उभी. शेजारणीला वाटलं, चष्मा माझाच.

रात्री कंदिलाशी वही लिहायचे. हरभरा डाळ, शेंगदाणे, काडेपेटी, सगळं अण्णा लिहीत तसंच. नातेपुत्याला पानं उलटी चाळताना मागे 'देणे' असं शीर्षक सापडलं. बरड, शेवग्याच्या शेंगा, पैसे घेतले नाहीत. वेळापूर, ताप, रात्रभर पटका भिजवून ठेवणारे गृहस्थ. भंडीशेगाव, बाईंनी पाणी तापवून दिलं. प्रत्येकापुढे पुढच्या वर्षाची तारीख आणि लाल खूण: गूळ दिला, धोतरजोडी दिली, साडी दिली. फुकटचं प्रेमसुद्धा या माणसाला उधारीवर चालत नव्हतं. हसू आलं. मग मी सगळी पानं परत एकदा नीट पाहिली. आईचं नाव कुठे नव्हतं.

त्या रात्री पायापेक्षा तेच जास्त ठणकलं. सकाळी काकड्याला उभीसुद्धा राहिले नाही. आणि त्याच दुपारी पुरंदावड्याला अश्व रिंगणात सुटला तेव्हा कधी दोन्ही हात वर गेले आणि घशातून 'माउली, माउली' निघालं, मला सांगता यायचं नाही.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत अण्णा कधीच उभे राहिले नाहीत. "दुकानाची पाटी दिसली की पुरे, प्रत्येक गिऱ्हाइकाने मालकाला भेटायलाच पाहिजे असं नाही." मीही वाळवंटातून कळसाला हात जोडले. आजी सापडल्या नाहीत. 'देणे'च्या पानावर लिहिलं: वडकी, परभणीकडच्या आजी, चपला एक जोड, निरोप एक, पेरणी झाली. त्याच्या खाली आईचं नाव लिहिलं आणि पुढे काय मांडायचं ते न कळून पेन तसंच धरून बसले.

आईला फोन लावला. म्हटलं, पुढल्या वर्षी गल्ल्यावर मी बसते, तू ये.

"गुडघे बघितलेस का माझे?" मग जरा थांबून, "दिंडीला तूरडाळ काय भावानं घेतलीस?"

सांगितला.

"फसवलं तुला," आई म्हणाली.