वीसमधून तीन वजा

"आई दिवसभर पेंगते आणि रात्री टक्क जागी असते," मुलगी म्हणाली. सिरोसिसच्या, म्हणजे यकृत व्रण पडून कडक झालेल्या, रुग्णाबद्दल हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. यकृताला न झेपलेली द्रव्यं मेंदूपर्यंत पोचू लागली की दिवस-रात्रीची उलटापालट बरेचदा आधी दिसते.

आईंना प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस हा पित्तनलिकांचा आजार. यकृतातल्या बारीक पित्तनलिका वर्षानुवर्षं नष्ट होत गेल्या होत्या. हात पुढे करून तळवे वर उचलायला सांगितले, ते फडफडले. वीसमधून तीन-तीन वजा करायला सांगितले. "सतरा... चौदा..." आणि मग नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या.

औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात मेलाटोनिनची, म्हणजे झोपेशी संबंधित संप्रेरकाच्या गोळ्यांची, बाटली निघाली.

"खाजेनं डोळ्याला डोळा लागत नव्हता हो. आणि ही गोळी यकृतालाही चांगली, असं वाचलं," आई म्हणाल्या.

रागवता आलं नाही, कारण त्यांनी वाचलेलं निराधार नव्हतं. मेलाटोनिन फक्त मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत तयार होत नाही, आतड्यात ते त्याहून कितीतरी जास्त असतं. पित्तातही ते भरपूर सापडतं. पित्तनलिकांच्या अस्तरातल्या पेशी ते स्वतः बनवतात आणि त्याचा संदेश टिपणारे रिसेप्टरही बाळगतात. उंदरांची पित्तनलिका बांधून केलेल्या प्रयोगांत मेलाटोनिन दिल्यावर या पेशींची बेसुमार वाढ आणि फायब्रोसिस (यकृतात साचणारे व्रणतंतू) कमी झालेलं दिसलं. ज्या आजारांत आमच्या हाती मोजकीच औषधं आहेत, तिथे हे वाचून मलाही हुरूप येतो.

पण मेलाटोनिनचा निचरा करतं तेही यकृतच, मुख्यतः तिथल्या CYP1A2 नावाच्या एका एन्झाइमच्या जोरावर. सिरोसिसमध्ये हा निचरा मंदावतो आणि रात्रीचं मेलाटोनिन दिवसाही रक्तात रेंगाळतं. त्यात बाहेरून गोळीची भर!

शिवाय वारंवार शौचाला जावं लागतं म्हणून त्यांनी लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ ठेवून ती मेंदूला बाधणारी द्रव्यं कमी करणारं औषध, परस्पर बंद केलं होतं. चार दिवस पोट साफ नव्हतं. खरा घाव बहुधा तिथेच बसला होता. गोळी थांबवली, लॅक्टुलोज पुन्हा सुरू केलं, खाजेसाठी कोलेस्टिरामिन दिलं आणि ते बाकीच्या औषधांपासून चार तास लांब घ्यायचं, हे मुलीला दोनदा समजावलं.

तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो, तर मी विचारण्याआधीच त्यांनी सुरू केलं, "सतरा, चौदा, अकरा, आठ, पाच, दोन." मग म्हणाल्या, "ती गोळी वाईट होती का, डॉक्टर?"

"वाईट नाही. तुमच्यासारख्या यकृताला ती किती आणि कधी द्यायची, ते माणसांवरच्या चाचण्यांतून ठरायचंय."

"मग ठरलं की मला सांगा," त्या म्हणाल्या आणि बाटली मुलीच्या हातात दिली.