नुसत्या बॉक्सचंही पेटंट असतं

जर्मनीत मी राहतो तो लिप्पे भाग पर्यटकांच्या यादीत सहसा नसतो. टेकड्या, छोटी गावं आणि डेटमोल्डजवळच्या डोंगरावर तलवार उंचावून उभा असलेला, रोमनांना हरवणाऱ्या जर्मन वीराचा, हेरमानचा पुतळा. त्या पुतळ्याचं अनावरण १८७५ सालचं, म्हणजे आपले सयाजीराव गादीवर बसले तेच वर्ष. बडोद्याहून कुणी आलं की मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

पण माझ्यासारख्याला हा मुलूख महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. वायर जिथे जोडली जाते त्या जोडावर इथल्या आणि शेजारच्या गावांचं पोट चालतं. ब्लोमबर्गला फिनिक्स काँटॅक्ट, डेटमोल्डला वायडम्युलर, एस्पेलकांपला हार्टिंग, मिंडेनला वागो. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कुणालाही ही नावं पाठ असतात. आणि हे काम आपल्याला परकंही नाही, एल्मेक्सचे टर्मिनल मकरपुऱ्यातच तयार होतात. मी याच क्षेत्रातल्या एका कंपनीत हाउसिंग, म्हणजे बाहेरचा बॉक्स, आणि कूलिंगचं डिझाइन करतो. माझ्या नावावर जी काही पेटंटं आहेत ती सगळी बॉक्स, प्लग आणि हीटसिंकची (उष्णता बाहेर फेकणाऱ्या धातूच्या भागाची).

दांडिया बाजारातल्या घरी गेलो की काका हमखास विचारतात, "अरे, चिपचं पेटंट समजू शकतो. बॉक्समध्ये पेटंट घेण्यासारखं काय असतं?" प्रश्न रास्त आहे, आणि चहा पिता पिता त्याचं उत्तर कधीच पुरं होत नाही. म्हणून इथे लिहितो.

सर्किट बरोबर असूनही यंत्र बंद का पडतं? उष्णतेने, पाण्याने, धुळीने आणि खराब झालेल्या जोडाने. पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या. त्याचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला रोजचा हिशेब. म्हणजे बॉक्सची रचना बदलून मी आतली हवा १० अंशांनी थंड ठेवू शकलो, तर सर्किटला हातही न लावता त्या कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. जोडाचंही तसंच आहे. स्क्रूखाली दाबलेली तांब्याची वायर काळानुसार दबत जाते, यंत्राच्या थरथरीने स्क्रू सैल होतो, मग जोड तापतो. वागोने १९७७ साली आणलेल्या स्प्रिंगच्या टर्मिनलमध्ये वायर दबली तरी स्प्रिंग तिच्या मागे मागे जाते, दाब टिकून राहतो. वाकवलेली स्टीलची एक पट्टी, पण तिने सगळ्या जगाची वायरिंग करायची पद्धत बदलली. मला तरी ही कल्पना एखाद्या प्रोसेसरइतकीच मोठी वाटते.

उष्णतेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण माझं मन तिथे जास्त रमतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता २३५ च्या आसपास मोजतात, डायकास्टिंगला वापरतात त्या मिश्रधातूची साधारण १००, आणि स्थिर हवेची ०.०२६. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. गरम होणारा भाग आणि बॉक्सची भिंत यांच्यात केसाएवढी जरी फट राहिली तरी उष्णता तिथेच अडते, बाहेर कितीही सुंदर फिन (हीटसिंकच्या पातळ पात्या) काढलेले असोत. म्हणून आमचे अर्धे वाद त्या फटीवर होतात: पेस्ट लावायची की मऊ पॅड, भिंत किती सपाट हवी, स्क्रू कुठल्या क्रमाने आवळायचे.

बाहेरच्या बाजूला फिन. पंखा असेल तर ते दोन-तीन मिलिमीटर अंतरावर चालतात. पंखा नसेल तर गरम हवेला आपणहून वर चढावं लागतं, आणि वीतभर उंचीच्या फिनमध्ये त्यासाठी साधारण सात-आठ मिलिमीटर मोकळे सोडावे लागतात. पुस्तकात एवढंच असतं. आपल्याकडच्या कारखान्यात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे भुसा, धूळ आणि कापसाचे तंतू.

बाबा मेंटेनन्सचं काम करायचे आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर मकरपुऱ्याला जायचो. मे महिना, बाहेर पारा ४० च्या वर. मशीन बंद पडलं की ते पॅनेल उघडायचे आणि ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या, हीटसिंकखाली बोट घालायचे. तिथे राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असायचा. एक कोपरा धरून ओढला की तो अख्खा निघून यायचा, फिनच्या रेघा उमटलेल्या. मी टॉर्च धरून आत बघायचो तर वरचे फिन जवळजवळ स्वच्छ असत. घाण साचायची ती फक्त खालच्या तोंडाशी, जिथून हवा आत शिरते.

इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी मीटिंगमध्ये धुळीचा विषय निघाला, तेव्हा मी तो थर कागदावर काढून दाखवला. तंतू दोन शेजारच्या फिनच्या टोकांवर आडवा पडतो, त्यावर दुसरा पडतो, आणि तोंड बंद होतं. मग एक सोडून एक फिन खालून आखूड केला तर? खालच्या तोंडाशी अंतर दुप्पट, तंतूला टेकायला दुसरं टोकच नाही. वर मात्र फिन पुन्हा दाट, त्यामुळे उष्णता फेकायचं क्षेत्रफळ फारसं घटत नाही. आम्ही मॉडेल केलं, डब्यात कापसाची धूळ उडवून चाचणी घेतली, आणि ते चाललं.

पेटंट मात्र एवढ्यावर मिळालं नाही. म्युनिकच्या पेटंट ऑफिसातल्या परीक्षकाने मोटरच्या कूलिंगचा एक जुना दस्तऐवज शोधून काढला, त्यात आखूड-लांब फिन होतेच. मग वकील, मी आणि एक सहकारी बसलो. आमच्याकडे आखूड फिनच्या टोकाला तिरका काप होता आणि त्याखाली पाणी ठिबकण्यासाठी एक कडा होती, या तिघांचं एकत्र येणं कुठेच सापडत नव्हतं. जर्मन पद्धतीच्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यात, आधी जे जगाला ठाऊक आहे ते लिहायचं आणि मग नवं काय ते वेगळं काढून सांगायचं. आमचा पहिला भाग लांबत गेला, दुसरा आक्रसत गेला. शेवटी मिळालं ते संरक्षण आधी मागितलं होतं त्याहून बरंच अरुंद आहे, पण भक्कम आहे. परीक्षकाच्या त्या हरकतीने आमचा शोध मला स्वतःला पहिल्यांदा नीट समजला.

जाता जाता: भारतातला पहिला पेटंटसदृश हक्क १८५६ च्या कायद्याखाली कलकत्त्याच्या जॉर्ज डिपेनिंग यांच्या अर्जावर मिळाला, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! उकाडा आपल्याकडे पहिल्यापासूनच शोध लावायला लावतो.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या संशोधकासाठी १९५७ पासून वेगळा कायदा आहे. शोध लागला की तो कंपनीला लेखी कळवायचा. कंपनीने चार महिन्यांत तो संशोधकाला मोकळा करून दिला नाही तर तो कंपनीचा झाला असं धरतात, पण मग तिला पेटंटसाठी अर्ज करावा लागतो आणि तुम्हाला पगाराव्यतिरिक्त वाजवी मोबदला द्यावा लागतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही, सगळं नेमणुकीच्या करारावर चालतं. मात्र आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २८ प्रमाणे संशोधक म्हणून नाव नोंदवून घेता येतं. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेतून, बाहेर पडणाऱ्या मुलांनी पहिल्या नोकरीचा करार वाचताना हे डोक्यात ठेवावं, कारण बाकी कुणी सांगत नाही.

आता माझ्या भाच्याबद्दल. तो कलाभवनातच शिकला आणि मित्राबरोबर मकरपुऱ्यात छोटं युनिट चालवतो, गच्चीवरच्या सोलरसाठी जंक्शन बॉक्स आणि इलेक्ट्रिकल पॅनेल. मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "मामा, गॅस्केट नवं, स्क्रू टाइट, बॉक्स आयपी ६७, आणि पहिल्याच सरीत आत पाणी. गिऱ्हाईक माझं डोकं खातंय."

यात त्याच्या कामाचा दोष नव्हता. उन्हात तापलेल्या बंद बॉक्समध्ये हवा ७० अंशांपर्यंत जाते. पावसाची सर आली की ती झपाट्याने २५ पर्यंत उतरते. हवा आकसते, आतला दाब साधारण १३ टक्क्यांनी घटतो. हा फरक पाण्याच्या १.३ मीटर उंचीइतका झाला. आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा, आणि त्याची पाण्याची चाचणी १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि तीही पाणी नि बॉक्स यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक न ठेवता. म्हणजे बडोद्याची पहिली सर त्या चाचणीपेक्षा कडक परीक्षा घेते. बॉक्स स्वतःच पाणी आत ओढून घेतो, गॅस्केटच्या (झाकणाखालच्या रबरी पट्टीच्या) ज्या कोपऱ्यात दाब कमी असेल तिथून.

यावर माहितीतला उपाय म्हणजे हवा जाऊ देणारी, पाणी अडवणारी पातळ पडदी. ताणलेल्या पीटीएफईची ही पडदी १९६९ सालच्या शोधातून आली आणि आज गाडीच्या हेडलाइटमध्येही असते. पण ती उघड्यावर असली की धुळीने बुजते, शिवाय छोट्या युनिटला ती महाग पडते. भाच्याने थोडे दिवस डोकं लढवून एक वेगळाच मार्ग काढला. मला त्याने ड्रॉइंग दाखवलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. इतकं साधं आणि इतकं बरोबर. नंतर मी रात्री बसून एस्पेसनेटवर शोधलं. ही युरोपियन पेटंट ऑफिसची फुकट साइट आहे, त्यात जगभरचे १५ कोटींहून अधिक दस्तऐवज आहेत. हाउसिंगसाठी एच०५के ५, कूलिंगसाठी एच०५के ७/२०, कनेक्टरसाठी एच०१आर, एवढे कोड टाकले तरी आपल्या कामाचा खजिना उघडतो. मुदत संपलेली पेटंटं तर कुणीही वापरू शकतं. जवळचं बरंच सापडलं, नेमकं तसं नाही.

मी त्याला सांगितलं, "आता हे कुणाला दाखवू नकोस. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही, प्रदर्शनात नाही, गिऱ्हाइकालासुद्धा नाही." तो म्हणाला, "पण मामा, दाखवलं नाही तर विकू कसं?" म्हणून आधी अर्ज. युरोपात अर्जाच्या एक दिवस आधी जरी ती वस्तू स्वतः जगासमोर ठेवली तरी नवेपण संपतं. भारतातही सवलत फार थोड्या प्रसंगी मिळते. आपल्याकडे सोय चांगली आहे: तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करून तारीख पक्की करायची आणि १२ महिन्यांत पूर्ण वर्णन द्यायचं. ऑनलाइन अर्जाची मूळ फी एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला १,६०० रुपये. गुजरातमधले अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसच्या अखत्यारीत येतात. खरा खर्च एजंटचा, आणि क्लेम लिहिण्यात तो वाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशातही अर्ज करायचा असेल तर कलम ३९ विसरू नका. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर आधी परवानगी घ्यायची. लोक उत्साहात हे चुकतात.

ताईचा आक्षेप होता की एवढ्याशा युनिटने पेटंट घेऊन कुणाशी कोर्टात लढायचं. भीती खरी आहे. पण मोठ्या कंपनीशी बोलायला बसताना हातात अर्जाचा नंबर असला तर समोरचा माणूस तुमचं ड्रॉइंग नुसतं बघून परत देत नाही, दर विचारतो. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

भाच्याचा तात्पुरता अर्ज तयार होतोय. ड्रॉइंग त्याने हाताने काढलंय, प्रत्येक पानावर तारीख आणि सही आहे, एजंटने दोनदा प्रश्न विचारून परत पाठवलंय. त्याने बॉक्समध्ये नेमकं काय केलं ते मी इथे लिहिलेलं नाही आणि फोटोही टाकलेला नाही, हे लक्षात आलं असेलच. नंबर आला की दोन्ही टाकतो.