एका सेमिस्टरची परदेशवारी: तिकिटाआधी क्रेडिटचं बघा

परदेशात शिकायचं म्हणजे पूर्ण पदवी तिकडेच करायची, असं बरेच विद्यार्थी धरून चालतात आणि खर्चाचा आकडा पाहून विषय तिथेच सोडून देतात. पण पदवी आपल्याच विद्यापीठाची ठेवून मधलं एक सेमिस्टर परदेशात करता येतं. दोन विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार असेल, तर शिक्षणाची फी सहसा आपल्याच विद्यापीठाला भरायची असते, तिकडे वेगळी लागत नाही. मग उरतो तो राहण्याजेवण्याचा, प्रवासाचा, विम्याचा आणि व्हिसाचा खर्च. त्यातलाही काही भाग शिष्यवृत्तीतून निघू शकतो. ज्या कुणाला हे जमण्यासारखं आहे त्याने एक सेमिस्टर तरी जावंच, असं मला मनापासून वाटतं. आपलाच विषय दुसरीकडे वेगळ्या पद्धतीने शिकवला जातो, वेगळे प्रश्न विचारले जातात, हे तिथे बसून शिकल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातून करा, आणि तीही जाण्याच्या किमान वर्षभर आधी. आपल्या शाखेचे करार कुणाकुणाशी आहेत आणि गेल्या वर्षी कुठल्या जागा भरल्या नाहीत, हे दोन्ही विचारा. नावाजलेल्या शहरांसाठी झुंबड उडते. लहान गावातल्या विद्यापीठात तोच विषय तितकाच चांगला शिकवला जात असतो, खोली लवकर मिळते आणि खर्चही कमी येतो. निवड झाली की तुमचं विद्यापीठ तुमचं नाव तिकडे कळवतं. इथे पुष्कळ जण फसतात, कारण नाव कळवलं म्हणजे प्रवेश झाला असं त्यांना वाटतं. यजमान विद्यापीठाचा अर्ज त्यानंतर वेगळा भरायचा असतो आणि त्याची मुदतही वेगळी असते.

आता क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर विद्यापीठ पदवीसाठी धरतं ते श्रेयांक. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

सोफिया कोरादी या इटालियन विद्यार्थिनीने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. १९५८ मध्ये ती परतली, तेव्हा रोममधल्या तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला नकार दिला. पुढची कित्येक वर्षं तिने याच प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरास्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. कोरादीबाईंची अडचण मात्र अजून संपलेली नाही. कागद नीट केला नाही, तर सेमिस्टर आजही वाया जाऊ शकतं.

हा कागद म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. एका तक्त्यात तिकडे घ्यायचे विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इकडे माफ होणारे विषय, आणि खाली तीन सह्या: तुमची, आपल्या विद्यापीठाची, यजमानाची. युरोपीय क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० म्हणजे सेमिस्टरला ३० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्यात घरचा अभ्यासही आला. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १५० ते १८० तास. वेळापत्रकात आठवड्याला तीनच तास दिसतात म्हणून सात-आठ विषय घेऊन बसलात, तर परीक्षेच्या महिन्यात दमछाक ठरलेली.

विषय नावावरून जुळवू नका. ‘संख्याशास्त्र’ हे नाव पहिल्या वर्षालाही असतं आणि शेवटच्या वर्षालाही. आठवड्यांनुसार मुद्दे, पातळी, परीक्षेचं स्वरूप असलेला पूर्ण अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि तो विभागप्रमुखांपुढे ठेवा. एका विषयाला एक असं जुळवण्यापेक्षा ३० क्रेडिटच्या गटाला ३० क्रेडिटचा गट मान्य करून घेणं सोपं जातं. म्हणून ज्या सेमिस्टरला ऐच्छिक विषय जास्त असतील तेच परदेशासाठी ठेवा, आणि सक्तीची प्रयोगशाळा आपल्याकडेच उरका. दोन जादा विषयांनाही आधीच मान्यता घेऊन ठेवा. तिकडे गेल्यावर एखादा विषय रद्द झालेला निघतो, दोन तासिका एकाच वेळी येतात, किंवा वर्ग स्थानिक भाषेत चालतो असं कळतं. असा बदल पहिल्या काही आठवड्यांतच करा आणि तो लेखी घ्या. फोनवरचं ‘चालेल, बघू’ निकालाच्या वेळी कामाला येत नाही.

गुणांचंही जाण्याआधीच ठरवा. ब्रिटनमध्ये ७० टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. फ्रान्समध्ये २० पैकी १६ म्हणजे अतिउत्तम. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. तिथे परदेशी गुण बदलायला बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १०० पैकी ७० गुण आणि ४० ला पास असेल, तर ३० भागिले ६०, गुणिले ३, अधिक १ म्हणजे २.५. परतताना आपल्या विद्यापीठाने ब्रिटनचे ७० जसेच्या तसे ७० धरले, तर सरासरी उगाच घसरते. रूपांतर कोणत्या तक्त्याने होणार, हे ई-मेलवर मागून घ्या.

व्हिसा बहुतेकदा अडतो तो पैशांच्या पुराव्यावर. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ज्यांना पैसे दाखवावे लागतात, त्यांच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस हवी. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट चालतं, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं बंदिस्त खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. पोहोचल्यावर यातून दरमहा तेवढेच निघतात, त्यामुळे घराची अनामत आणि पहिल्या आठवड्यांचा खर्च वेगळा न्या. पासपोर्टवरचं आणि गुणपत्रकावरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का, ते आजच तपासा. नावदुरुस्तीला वेळ लागतो. आयईएलटीएस, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षं धरतात, म्हणून परीक्षा फार आधीही देऊ नका.

वसतिगृहाचा अर्ज बहुतेक ठिकाणी प्रवेशापासून वेगळा असतो, तो पत्र आल्याच्या दिवशीच भरा. खोली न पाहता अनामत पाठवू नका.

तिथे गेल्यावर गटकार्यात स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर बसा. बाहेरून आलेल्यांचा घोळका आपोआप जमतो आणि सेमिस्टर त्यातच निघून जातं.

निघण्याआधी शिकलेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये ठेवा, पुढच्या वर्षी ती पानं वेबसाइटवर असतीलच असं नाही. प्रयोगवह्या आणि निबंधही जपा. गुणपत्रक यायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा ते कोणत्या पत्त्यावर आणि कुणाच्या नावे जाणार हे तिथल्या कार्यालयात बसून पाहून घ्या. त्यातले विषयांचे कोड लर्निंग अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटच्या, सही झालेल्या प्रतीशी जुळतात का तेही तिथेच ताडून बघा. एक आकडा चुकला असेल, तर समोर बसून तो पाच मिनिटांत सुधारून मिळतो.