गेलेफूची रेल्वे आणि बटाट्याचं पोतं

भूतानला रेल्वे जाणार ही बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते बटाट्याचं पोतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहा जण भूतानला गेलो होतो, हासीमारा स्टेशनला उतरून सुमोने जयगाव आणि तिथून सीमेवरचं गेट ओलांडून भूतानमधलं फुंतशोलिंग. अलीकडे हॉर्न, गर्दी, पानाच्या टपऱ्या आणि गेटच्या पलीकडे एकदम शांत, आई तर म्हणाली की भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळे दिवस चालू आहेत असं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला बाहेर पडलो तर बटाट्याच्या लिलावाचं यार्ड दिसलं. डोंगरातून आलेले ट्रक रिकामे होत होते, पोती उतरवून प्रतवारी करून थप्पी लावलेली, आपल्याकडचे व्यापारी बोली लावत होते आणि बोली झाली की तीच पोती हमाल परत पाठीवर घेऊन दुसऱ्या ट्रकात चढवत होते. मी अर्धा तास उभा होतो. एक हमाल पोतं उचलायच्या आधी दरवेळी गमछाची चुंबळ नीट करायचा, मग खाली वाकायचा. हे पोतं शेतात एकदा उचललं, इथे उतरवलं, परत चढवलं, पुढे मार्केटात परत उतरणार आणि प्रत्येक वेळेची मजुरी शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून जाते.

हे मला इतकं लागलं कारण आमचं घर रत्नागिरीकडचं, हापूसची कलमं आहेत. कोकणात १९९८ पासून रेल्वे आहे, ७४१ किमीचा मार्ग, आमच्या बागेच्या खालून रूळ जातात, पण पेटी अजून टेम्पोनेच वाशीला जाते. कारण सरळ आहे, टेम्पो बागेशी येतो, पेटी एकदा चढते आणि एकदाच उतरते. रेल्वेने पाठवायची तर बाग ते स्टेशन, स्टेशन ते डबा, डबा ते परत टेम्पो, तोवर फळ दबतं. म्हणून कुठेही नवीन रेल्वेची बातमी आली की मी किलोमीटर नंतर बघतो, आधी बघतो की माल किती वेळा उचलावा लागणार.

आता भूतानचं. २९ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आणि रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी दोन मार्ग जाहीर केले, आसाममधलं कोक्राझार ते भूतानमधलं गेलेफू ६९ किमी आणि पश्चिम बंगालमधलं बानरहाट ते भूतानमधलंच सामत्से २० किमी, दोन्ही मिळून ४,०३३ कोटी. गेलेफूला चार वर्षं, सामत्सेला तीन. भूतानमधे आजपर्यंत रेल्वेचा एक रूळ नाही. १९५८ साली नेहरू गेले तेव्हा गाडीरस्ताच नव्हता, नथुलावरून चुंबी खोऱ्यातून घोड्यावर आणि याकवर बसून गेले, फुंतशोलिंग ते थिंफू रस्ता १९६२ ला झाला. त्या मानाने सीमेपर्यंत मालगाडी येणं ही किती मोठी गोष्ट आहे बघा.

आणि इथे एक गोष्ट फार जमेची आहे. दोन देशांमधे रेल्वे अडते ती बहुतेक वेळा रुळांवर नाही, कागदांवर आणि गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर. बांगलादेशात जा, अर्ध्या भागात मीटर गेज. बाल्टिक देशांत तर सगळे जुने रूळ रशियन मापाचे १५२० मिमी, म्हणून पोलंडला जोडायला १४३५ मिमीचा आख्खा नवीन मार्ग बांधायला घेतलाय. भूतानचं तसं नाही, नवीन रूळ आपल्याच ब्रॉडगेजला जोडणार, तिथलं चलन न्गुलट्रम आणि आपला रुपया एकास एक, आपली नोट तिथल्या दुकानात चालते, मुक्त व्यापाराचा करार आधीपासून आहे. म्हणजे वाघीण चेन्नईत किंवा नागपुरात भरली तर मधे न उघडता गेलेफूला उघडू शकते.

माझं मत विचाराल तर सामत्सेची छोटी लाईन आधी पैसे परत करेल. भूतान सगळ्यात जास्त विकतो ती वीज, तिला रेल्वे लागत नाही, पण डोलोमाईट, फेरोसिलिकॉन, दगड-खडी हा जड माल आहे आणि जड माल रेल्वेचाच. गेलेफूचं वेगळं आहे, तिथे राजांनी डिसेंबर २०२३ मधे माइंडफुलनेस सिटी जाहीर केली, हजार चौरस किमीच्या वरचं शहर, त्याचं सिमेंट-लोखंड सगळं याच लाईनने जाणार. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, त्यातली तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला चाललीत. ती थांबावीत म्हणून हा एवढा खटाटोप, आणि तो यशस्वी व्हावा असं मला मनापासून वाटतं, आपल्या गावातून मुंबईला गेलेली पोरं आठवतात ना.

काळजी दोन आहेत. एक हत्ती. हा पायथ्याचा पट्टा त्यांच्या येण्याजाण्याचा, १३ नोव्हेंबर २०१३ ला उत्तर बंगालमधल्या चपरामारीच्या जंगलात एका गाडीखाली सात हत्ती गेले होते. आता गजराज नावाची यंत्रणा आहे, रुळाशेजारच्या ऑप्टिकल फायबरला हत्तीच्या पावलांची कंपनं कळतात आणि ड्रायव्हरला, स्टेशनला इशारा जातो. ती इथे पहिल्या दिवसापासून पाहिजे, अपघात झाल्यावर नको.

दुसरी काळजी मधल्या स्टेशनांची. बालाजान, गरुभासा, रुनीखाता, शांतीपूर, दादगिरी. हा सगळा आसाममधल्या बोडोलँडचा, बोडो लोकांचा भाग, २०१२ ला इथे दंगलीत लाखो लोक घर सोडून छावणीत गेले होते, २०२० ला शांतता करार झाला. इथल्या लोकांनी जमीन द्यायची, आणि गाडी धडधडत पुढे निघून जायची, असं होऊ नये. दोन्ही टोकं राजधानीत ठरतात हो, पण सुपारी आणि आलं पिकतं ते मधल्या गावात. रुनीखाताला नुसता प्लॅटफॉर्म नको, मालधक्का हवा, ट्रॅक्टर थेट वाघिणीला लागेल एवढ्या उंचीचा, वर शेड असलेला, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एक तरी वाघीण तिथे सुटी राहील असं वेळापत्रक.

आराखड्यात हे आत्ताच बसवता येतं, एकदा भराव घालून झाला की मग साईडिंगला, म्हणजे वाघीण बाजूला उभी करायच्या जादा रुळाला, जागा उरत नाही. आमच्याकडे स्टेशनच्या मागे डोंगर कापलेला आहे, मालधक्का करायचा म्हटलं तरी आता कुठे करणार.