इंपेलरला पडलेली भोके

रावेर तालुक्यात तापीकाठी आमची केळी आहे आणि पाणी आम्ही हतनूर धरणाच्या फुगवट्यातून मोनोब्लॉक पंपाने उचलतो. चैत्र सरताना फुगवटा ओसरू लागतो, पंप मात्र काठावरच्या ओट्यावर जागच्या जागीच असतो. गेल्या उन्हाळ्यात, घड भरण्याच्या दिवसांतच, आत खडी फिरत असावी तसा खडखडाट सुरू झाला आणि पाणी कमी पडू लागले, तेव्हा मेकॅनिकला बोलावून पंप उघडला.

पाणी जिथून शिरते त्याच्या जरा पुढे इंपेलरची, म्हणजे पंपात फिरून पाणी फेकणाऱ्या चाकाची, पाती बारीक, खोल भोकांनी भरली होती. बोट फिरवले तर खरचटत होते. बाहेरची कड मात्र शाबूत होती. मेकॅनिकने वाळूला दोष दिला, पण वाळू धातूला घासून गुळगुळीत चर पाडते, आणि तेही वेग जास्त असलेल्या बाहेरच्या कडेला आधी.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो जेमतेम दहा मीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. चढ, पाइपातले घर्षण, पाण्यातल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह आणि एल्बो (पाइपाचे वळण) यांत तो खर्ची पडला की इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळते. ते बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन मिटतात. धातूलगतच्या बुडबुड्याकडे धातूच्या बाजूने पाण्याला सहज येता येत नाही, म्हणून समोरचे पाणी त्याला आरपार भेदून बारीक धारेने, सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने, धातूवर आदळते. शिवाय धक्कालहरी उठतात त्या वेगळ्याच. असंख्य तडाख्यांनी बीड (ओतीव लोखंड) थकते आणि कण निखळतात. जहाजांचे पंखे असेच कुरतडले जात असताना, 1917 साली, लॉर्ड रेले यांनी मिटणाऱ्या पोकळीभोवतीच्या दाबाचे गणित मांडले.

खात्रीसाठी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह थोडा आवळला. प्रवाह घटला, त्यासरशी सक्शनमधले, म्हणजे पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाइपातले, घर्षणही घटले आणि आवाज बसला. (सक्शनचा व्हॉल्व्ह आवळणे म्हणजे आगीत तेल.)

मग पाण्याजवळ नवा ओटा बांधला, अडीच इंची सक्शनऐवजी चार इंची पाइप टाकला, पंपाच्या तोंडाशी असलेला एल्बो काढून सरळ तुकडा बसवला आणि फूट व्हॉल्व्हची शेवाळाने बुजलेली जाळी साफ केली. इंपेलर ब्राँझचा घेतला. तो बिडापेक्षा जास्त टिकतो, पण नुसता तोच बदलून भागले नसते. खालचा ओटा पुरात बुडणारा असल्याने मृगाच्या आत पंप चेनपुलीने वर काढावा लागतो, आणि ते एकट्याचे काम नाही.