आत्याबाई: सख्ख्या की म्हणायच्या?

रिपोर्ट समोर होता: बीआरसीए-२ जनुकात रोगकारक बदल, म्हणजे स्तनाच्या आणि बीजांडकोषाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा. पेशंट ३१ वर्षांची, गेवराईकडची. धाकट्याला अंगावर पाजताना लागलेली गाठ 'दुधाची' म्हणून पाच महिने शेकत बसले, मग बायोप्सी. केमोच्या चार सायकल झालेल्या. केसपेपरवर मात्र 'कौटुंबिक इतिहास: नाही'. विचारणाऱ्याने आई, मावशी, आजी एवढंच विचारलेलं असतं. हा बदल बापाकडूनही तितकाच येतो, आणि बाप ठणठणीत असला तरी येतो.

नवरा, सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे सगळे आले होते. सासूबाईंनी बसताबसताच सांगून टाकलं, "मॅडम, हे हिच्या माहेरचं हाय. मपल्या लेकाकडं असलं काई नाई."

वंशावळ काढायला घेतली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कॅन्सर झालेला भरीव, गेलेल्यावर तिरकी रेघ. प्रत्येकाखाली वय लिहायचं, तेही आजार कळला तेव्हाचं. 'कॅन्सर कुणाला होता का' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. 'कोण कशानं गेलं' विचारलं की माणसं बोलायला लागतात. तिची थोरली आत्या चाळिशीत 'पोटात पाणी होऊन' गेलेली. लिव्हर म्हणायचे. कावीळ नव्हती, व्यसन नव्हतं, पाणी मात्र दोनदा काढलेलं. असं ऐकलं की मी बीजांडकोषाचा कॅन्सर धरून प्रश्नचिन्ह टाकते आणि जुने कागद मागते.

"अजून आत्या?"

"या काय, बसल्यात की."

मराठवाड्यात सासूला आत्याबाईच म्हणतात, नात्यातली असो वा नसो. तासभर ती हाक कानावर पडत होती आणि माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. "सख्ख्या?" "सख्ख्याच." म्हणजे नवऱ्याने मामाची मुलगी केलेली. नवराबायकोमधली एकेरी रेघ मी दुहेरी केली. नात्यातल्या लग्नाची खूण ती.

दुहेरी रेघ आली की हिशेब बदलतो. बदल वडिलांकडून आला असेल तर त्यांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे सासूबाईंना, तो असण्याची शक्यता निम्मी. त्यांच्या मुलाला पाव. आणि नवऱ्यालाही तोच बदल असेल तर प्रत्येक मुलात दोन्हीकडून येण्याची शक्यता चारात एक. बीआरसीए-२ दोन्हीकडून बिघडला तर फॅन्कोनी ॲनिमिया होतो: उंची खुंटते, अंगठा अर्धवट किंवा नसतोच, रक्तपेशी कमी पडतात, लहान वयात कॅन्सर होतो. म्हणून मी आधी पोरांचे हात मागितले. अंगठे नीट, दोन्ही हातांचे. कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग नाहीत, उंची वयाप्रमाणे. पण लक्षणं नसली म्हणून आजार नाहीच, असं म्हणता येत नाही. उत्तर नवऱ्याच्या रक्तात होतं.

सासूबाई कागदाकडे बघत होत्या. बोटाने रेघ वर वर नेत आपल्या आईबापापाशी थांबल्या. "म्हंजी मपलंच माहेर."

त्यांना विचारलं, पिशवी काढली का? काढलेली, पस्तिशीच्या आत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत हे इतकं होतं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. वंशावळीत याने घोळ होतो. पिशवीसोबत बीजांडकोषही गेले असतील तर तिथला धोका बराचसा गेला, स्तनाचाही कदाचित कमी झाला. मग ती बाई धडधाकट दिसते आणि घराण्यात काही नाही असं वाटतं. राहिले असतील तर धोका तसाच. 'पिशवी काढली' एवढ्यावरून काहीच कळत नाही. डिस्चार्ज कार्ड हवं, नाहीतर सोनोग्राफी.

रक्त नवऱ्याचं आणि सासूबाईंचं घेतलं, तीन-तीन मिली, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची; नाही केली तर गुठळी होते आणि पेशंटला परत दोनशे किलोमीटर यावं लागतं. घरच्या माणसांना पूर्ण पॅनेल, म्हणजे बऱ्याच जनुकांची एकत्र तपासणी, लागत नाही, सापडलेली तेवढी जागाच तपासायची, म्हणून खर्च कमी. पण पेशंटच्या रिपोर्टची प्रत सोबत जोडायची. आडनाव एक, गाव एक, मायलेकाच्या ट्यूबांवर पूर्ण नाव आणि जन्मसाल पेशंटसमोरच लिहायचं.

पोरांची तपासणी आता करा, असं आई म्हणत होती. नवरा निगेटिव्ह निघाला तर नाही करत. १८ पूर्ण झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवायचं; त्याआधी हा रिपोर्ट पोरांच्या काही उपयोगाचा नसतो. मुलालाही तेच लागू: पुरुषाला प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचाही होतो.

चार आठवड्यांनी नवरा निगेटिव्ह. सासूबाई पॉझिटिव्ह. त्यांना खरे आकडेच सांगितले: हा बदल असलेल्या शंभरातल्या साधारण ६९ जणींना ८० वर्षांपर्यंत स्तनाचा, १७ जणींना बीजांडकोषाचा कॅन्सर होतो. जुन्या पेटीतलं डिस्चार्ज कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलं होतं. त्यात फक्त गर्भाशय काढल्याचं होतं. सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोष जागेवर. ते काढायचं ठरलं. मॅमोग्राफी त्याच दिवशी झाली, स्वच्छ आली.

सुनेचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. दुसऱ्या बाजूचाही स्तन त्याच वेळी काढायचा का, हे नवराबायको बोलून ठरवणार आहेत. कागदावर आता दोन नणंदांचे गोल रिकामे आहेत, प्रत्येकीला निम्मी शक्यता. थोरली येऊन रक्त देऊन गेली. धाकटी साखर कारखान्यावर आहे, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की येते म्हणाली.